एडिंबराच्या फेलोशिपचा अर्ज: पहिल्या कागदापासून पहिल्या सेमिनारपर्यंत

खुर्ची ओढा, लॅपटॉप उघडा. आज आपण एडिंबरा विद्यापीठाच्या 'इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीज इन द ह्युमॅनिटीज' या संस्थेच्या व्हिजिटिंग फेलोशिपचा अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत करणार आहोत. १९६९ पासून ही संस्था जगभरातल्या अभ्यासकांना काही महिन्यांसाठी बोलावते. तिथे पदवी मिळत नाही, परीक्षा नसते, तास घ्यावे लागत नाहीत. बसायला जागा मिळते, ग्रंथालय मिळतं आणि शेजारच्या टेबलावर आपल्यासारखंच कोणीतरी आपापल्या कामात बुडालेलं असतं. रोज चार तास शिकवून, पेपर तपासून, नॅकच्या फायली भरून उरलेल्या वेळात संशोधन करणाऱ्या माणसाला हे किती हवंहवंसं असतं, ते तुम्हाला सांगायला नको.

इतिहास, साहित्य, भाषा, तत्त्वज्ञान, कला यांपैकी कशातही पीएच.डी. झाली असेल तर निर्धास्त बसा. शेवटच्या तारखेआधी चार महिने हाताशी ठेवा. आणि क्रम मोडू नका. यातली काही कामं दुसऱ्या कोणाच्या तरी सहीवर अडतात, म्हणून त्यांची सुरुवात शक्य तितकी आधी ठेवली आहे.

जवळ हवं: पासपोर्ट, पीएच.डी.चं प्रमाणपत्र, प्रकाशनांची यादी, प्रबंधाची प्रत, एक वही, पेन्सिल.

१. पासपोर्ट आणि पदवीचं प्रमाणपत्र शेजारी ठेवून नाव ताडून पाहा. आपल्याकडे प्रमाणपत्रावर कुठे आडनाव आधी येतं, कुठे आईचं नाव जोडलेलं असतं, लग्नानंतर नाव बदललेलं असतं. अर्जात पासपोर्टवरचंच नाव घाला. दोन्हीकडे स्पेलिंग वेगळं निघालं तर दुरुस्तीचं किंवा प्रतिज्ञापत्राचं काम आजच सुरू करा. व्हिसाच्या वेळी धावाधाव झाली तर तारखा हातच्या जातात.

२. संस्थेच्या संकेतस्थळावरून यंदाची सूचना उतरवून घ्या आणि छापून काढा. मित्रानं पाठवलेली जुनी पीडीएफ वापरू नका. अटी आणि रकमा दरवर्षी बदलू शकतात.

३. छापलेल्या सूचनेत चार गोष्टी पेन्सिलीनं अधोरेखित करा: कोण पात्र, किती महिने, पैसे किती, शेवटची तारीख. पात्रतेची ओळ दोनदा वाचा. प्रबंध सादर केलेला असणं आणि पदवी मिळालेली असणं यात फरक आहे, आणि काही फेलोशिपना पदवी अलीकडच्या काही वर्षांतलीच लागते.

४. फेलोशिपचा एकच प्रकार निवडा. नव्या पीएच.डी.धारकांसाठी वेगळी असते, ठरावीक विषयाला बांधलेली वेगळी, आणि काही ठिकाणी जागा संस्था देते पण खर्च तुम्ही उभा करायचा असतो. तुमची पदवी जुनी असेल तर नव्यांच्या प्रकारात स्वतःला कोंबू नका. अर्ज पहिल्या चाळणीतच बाहेर पडतो, कोणी वाचतही नाही.

५. शेवटची वेळ भारतीय वेळेत लिहून भिंतीवर चिकटवा. एडिंबराचे संध्याकाळचे ५ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ. तिकडची घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतात. तारीख त्या आठवड्यात येत असेल तर वेळ पुन्हा मोजा.

६. प्राचार्यांना किंवा विभागप्रमुखांना भेटा. आज फक्त बोलायचं, अर्ज द्यायचा नाही. किती महिने रजा मिळू शकेल आणि ती कोणत्या नावाखाली, एवढंच विचारा. अनुदानित महाविद्यालयात असाल तर फाईल प्राचार्य, संस्थाचालक, विद्यापीठ आणि उच्च शिक्षण सहसंचालक यांच्यापैकी नेमकी कुठे कुठे जाते, ते कार्यालयातल्या मुख्य लिपिकाला विचारून वहीत लिहून घ्या. हा माणूस तुमचा खरा वाटाड्या आहे. त्याला शेवटी नाही, सुरुवातीलाच भेटा.

इथवरची कामं एका आठवड्यात उरकतात. आता मन लावून बसायचं, कारण पुढच्या पायऱ्यांवर फेलोशिप ठरते. निवड समिती 'विषय चांगला आहे का' एवढंच पाहत नाही. तसे चांगले विषय ढिगानं येतात. 'हे काम करायला हा माणूस आमच्याच गावात का यायला हवा?' हा प्रश्न तिच्यापुढे असतो. त्याचं उत्तर कागदावर दिसलं पाहिजे.

७. तुमच्या विषयाची एडिंबरात काय सामग्री आहे ते शोधा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा हस्तलिखितांचा कॅटलॉग घरबसल्या पाहता येतो. तिथून सुरुवात करा, मग विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा, मग राष्ट्रीय अभिलेखागाराचा. आपल्या बाजूचं एक उदाहरण घेऊ. ईस्ट इंडिया कंपनीचा बडोद्यातला रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर हा स्कॉटिश होता, आणि 'वॉकर ऑफ बोलंड' नावाचं त्याचं दप्तर याच राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. गायकवाडांच्या दरबारावर काम करणाऱ्याला घराबाहेर पडायला याहून सबळ कारण काय हवं? शोधताना नावांची वेगवेगळी रोमन स्पेलिंग घालून पाहा. गायकवाड हे नाव जुन्या इंग्रजी कागदांत आजच्या स्पेलिंगनं सापडेलच असं नाही.

८. सापडलेल्या प्रत्येक नोंदीचा क्रमांक जसाच्या तसा उतरवा. 'वॉकरचे कागद' असं मोघम लिहून चालत नाही. समितीतल्या कोणी तो क्रमांक टाकून पाहिला तर नोंद समोर आली पाहिजे.

९. यादीतून घरबसल्या मिळणारं सगळं खोडा. छापून आलेलं, स्कॅन होऊन ऑनलाइन असलेलं, मुंबईच्या एशियाटिकमध्ये किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मिळणारं, सगळं. जीव थोडा खालीवर होईल, यादी निम्मी होईल. होऊ द्या. जे उरलं तो तुमच्या अर्जाचा कणा. काहीच उरलं नाही तर इथेच थांबून दुसरी संस्था निवडा. ओढूनताणून कारण शोधलं की ते वाचणाऱ्याला लगेच कळतं.

१०. एडिंबरा विद्यापीठात तुमच्या विषयाजवळ काम करणारी एक व्यक्ती शोधा. विभागांच्या पानांवर प्रत्येकाचा विषय आणि प्रकाशनं दिलेली असतात. नाव मोठं असण्यापेक्षा विषय जवळचा असणं महत्त्वाचं.

११. त्या व्यक्तीचे निदान दोन लेख वाचा. नुसते सारांश वाचून पत्र लिहिलं तर दुसऱ्याच वाक्यात उघडं पडतं.

१२. आता तिला ईमेल लिहा. दहा ओळींच्या वर जाऊ देऊ नका. 'डिअर डॉक्टर' आणि आडनाव, एवढंच संबोधन पुरे. 'रिस्पेक्टेड सर' किंवा 'रिस्पेक्टेड मॅडम' लिहिण्याची आपली सवय इथे बाजूला ठेवा. पहिल्या ओळीत तुम्ही कोण, दुसरीत काय काम, तिसरीत त्यांच्या कोणत्या लेखाशी ते कुठे जुळतं, चौथीत कोणत्या फेलोशिपला अर्ज करताय. शेवटी एकच नेमका प्रश्न. मोठेपणाची विशेषणं नकोत, आणि एकाच मजकुराची पत्रं पाच जणांना तर अजिबात नकोत. एका विभागातली माणसं चहाला एकत्र बसतात. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा, मग दुसरं नाव घ्या.

१३. तुमचा संशोधनप्रश्न एका वाक्यात मोठ्यानं म्हणा. हो, खरंच मोठ्यानं, आणि मराठीत. घरातल्या कोणाला तरी समोर बसवा. 'म्हणजे काय?' असं दोनदा विचारलं गेलं तर वाक्य अजून पिकलेलं नाही. पुन्हा म्हणा. 'मी गायकवाडकालीन प्रशासनाचा चिकित्सक अभ्यास करत आहे' हा प्रश्न नाही, मथळा आहे. 'बडोद्याच्या सावकारांना कंपनीनं दिलेली हमी दरबारातले मराठी कारभारी कशी वाचत होते?' हा प्रश्न आहे, कारण याचं उत्तर अजून यायचं आहे.

१४. प्रपोजलचा पहिला मसुदा लिहा. इंग्रजीत, छोट्या वाक्यांत. चार परिच्छेद करा: प्रश्न काय, आजवर कोणी काय म्हटलं आणि तुमचं वेगळं काय, साधनं कोणती, आणि एडिंबराच का. सिद्धान्तांची नावं एकामागून एक ओवू नका. जे नाव तुमच्या कामात खरोखर हातोडा-छिन्नीसारखं वापरणार आहात, तेवढंच ठेवा.

चौथ्या परिच्छेदावर इथे थोडं जास्त थांबू, कारण बहुतेक अर्ज तिथेच पडतात. बहुतेकांचा परिच्छेद असा असतो: 'एडिंबरा हे जगप्रसिद्ध विद्यापीठ असून तेथील समृद्ध ग्रंथालय व विद्वान प्राध्यापकांचे मार्गदर्शन माझ्या संशोधनास लाभदायक ठरेल.' यात एडिंबरा खोडून टोकियो लिहा, काही बिघडत नाही. म्हणजे हा परिच्छेद निकामी आहे. त्याच जागी असा आशय आणा: 'माझ्या विषयाचे मोडी कागद बडोद्याच्या अभिलेखागारात मी वाचले आहेत. त्यांत हमीच्या वाटाघाटींची दरबाराची बाजू दिसते. रेसिडेंटची बाजू वॉकरच्या दप्तरात, या या क्रमांकांखाली, एडिंबरात आहे. एकाच घटनेचे हे दोन्हीकडचे कागद एकमेकांशेजारी ठेवून मी एक प्रकरण लिहीन.' पाहा, आता टोकियो लिहून चालत नाही. शिवाय मोडी वाचता येणं हे तुमचं बळ इथे आपोआप दिसलं. ते सीव्हीच्या तळाशी 'इतर कौशल्ये'मध्ये दडवून ठेवू नका.

१५. मसुद्याला महिन्यावार वेळापत्रक जोडा. कोणत्या महिन्यात कोणतं दप्तर, कधी लिखाण, हातात शेवटी काय. एक प्रकरण किंवा एक लेख कबूल करा. तीन महिन्यांत अख्खं पुस्तक कबूल केलंत तर कोणी विश्वास ठेवत नाही. नाताळ ते नववर्ष या दिवसांत ग्रंथालय बंद असतं, तिथे वाचन लावू नका.

१६. शब्दमर्यादेपर्यंत कापा. मर्यादा हजाराची असेल तर हजार, एक हजार चाळीस नाही. आधी विशेषणं काढा, मग 'ऐतिहासिक पार्श्वभूमी' नावाचा परिच्छेद. चौथ्या परिच्छेदाला हात लावू नका.

१७. सीव्ही नव्यानं तयार करा. नोकरीसाठीचा बायोडाटा पाठवायचा नाही. जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, धर्म, फोटो, एपीआय गुण, रिफ्रेशर कोर्सांची यादी, सगळं बाहेर. पदव्या, पद, प्रकाशनं, व्याख्यानं, मिळालेली अनुदानं, भाषा आणि लिपी एवढं पुरे. सर्वांत अलीकडचं सर्वांत वर. मराठीतले लेख मात्र काढू नका, मी हे आग्रहानं सांगेन. 'नवभारत'मध्ये किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकात आलेला तुमचा लेख हा तुमच्या विषयातल्या जाणकारांनी वाचलेला लेख आहे. मथळा रोमन लिपीत द्या, शेजारी इंग्रजी अर्थ द्या, नियतकालिक कसलं आहे ते अर्ध्या ओळीत सांगा.

१८. शिफारसपत्रांसाठी दोन जणांना विचारा, मुदतीच्या किमान चार आठवडे आधी. खुर्ची कोणाची मोठी हे पाहू नका; तुमचं काम कोणी वाचलंय ते पाहा. कुलगुरूंच्या तीन गुळगुळीत ओळींपेक्षा तुमचं एक प्रकरण बारकाईनं वाचलेल्या परीक्षकाचं पानभर पत्र कितीतरी मोलाचं. 'तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो' असं उत्तर आलं तर नम्रपणे आभार मानून दुसरीकडे जा. त्या पत्राचा सूर तुमच्या प्रपोजलसारखाच निघतो आणि ते ओळखू येतं.

१९. शिफारस करणाऱ्यांना एकाच ईमेलमध्ये प्रपोजल, सीव्ही, सूचनेची प्रत आणि तारीख पाठवा. पत्र त्यांनी विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या ईमेलवरून पाठवावं असंही कळवा. खासगी जीमेलवरून आलेलं पत्र काही ठिकाणी ग्राह्य धरत नाहीत. आठवडाभर आधी फोनवर आठवण करा. फोनला लाजू नका, मोठी माणसं खरंच विसरतात.

२०. प्रपोजल विषयाबाहेरच्या एका मित्राला वाचायला द्या. इतिहासवाले असाल तर तत्त्वज्ञानवाल्याला. समितीत सगळ्या शाखांची माणसं असतात. तो जिथे अडखळेल तिथे खूण करायला सांगा, आणि त्याच्याशी वाद घालू नका.

२१. सगळ्या फायली पीडीएफ करा आणि नावं नीट द्या: आडनाव, मग कागदाचा प्रकार. देवनागरी किंवा मोडी मजकूर असेल तर ती पीडीएफ दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहा. तुमच्या संगणकावर सुरेख दिसणारी अक्षरं तिथे चौकोन होऊन बसतात.

२२. अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी भरा. शेवटच्या रात्री वीज जाते, सर्व्हर रेंगाळतो, पासवर्ड आठवत नाही.

२३. पोच आलेली ईमेल जपून ठेवा. पोच आलीच नाही तर दुसऱ्याच दिवशी संस्थेला दोन ओळी लिहून विचारा.

आता वाट पाहायची, आणि या काळात समितीला पत्रं पाठवायची नाहीत. नकार आला तर प्रपोजल फेकू नका. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत मानव्यविद्या संशोधन केंद्र आहे, केंब्रिजमध्ये 'क्रॅश' ही तशीच संस्था आहे. मात्र तिकडे अर्ज करताना सातव्या पायरीपासून सगळं पुन्हा करावं लागेल, कारण 'इथेच का'चं उत्तर गाव बदललं की बदलतं. होकार आला असेल तर पेढे वाटा आणि पुढे चला.

२४. दिलेल्या मुदतीत लेखी होकार कळवा. तोंडी आनंद पुरत नाही. उत्तर न आल्यास जागा पुढच्या नावाकडे जाऊ शकते.

२५. निमंत्रणपत्र जोडून रजेचा आणि ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज कार्यालयात द्या. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. दर सोमवारी फाईल कुठवर पोचली ते विचारा, गोड बोलून, पण विचारा.

२६. कोणत्या प्रकारचा व्हिसा काढायचा हे संस्थेला लेखी विचारा. मुक्काम किती आणि पैसे कोण देतं यावर ते ठरतं. चुलतभाऊ कोणत्या व्हिसावर गेला होता, हा आधार धरू नका.

२७. सहा महिन्यांहून जास्त राहणार असाल तर क्षयरोगाची तपासणी करून घ्या. ती ब्रिटिश सरकारनं मान्य केलेल्या केंद्रातच व्हावी लागते, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचा दाखला चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिनेच चालतं, त्यामुळे फार आधीही करू नका.

२८. व्हिसाचा अर्ज भरून बोटांचे ठसे द्यायची वेळ घ्या. व्हिसा मंजूर होईपर्यंत परत न मिळणाऱ्या पैशाचं विमानतिकीट काढू नका.

२९. राहायची खोली ठरवा. आधी संस्थेलाच विचारा. जुन्या फेलोंनी सोडलेल्या खोल्यांची माहिती तिथे मिळू शकते. संस्था होप पार्क स्क्वेअरमध्ये, मीडोज या मोठ्या बागेच्या कडेला आहे, तिथून चालत जाता येईल असं पाहा. ऑगस्टमध्ये पोचणं शक्य तर टाळा. त्या महिन्यात गावात मोठे कला-महोत्सव असतात आणि भाडी आभाळाला भिडतात.

३०. पहिल्या महिन्याचा खर्च स्वतःजवळ ठेवा. अनामत, भाडं, जाड कोट, पावसाळी बूट, सगळं आधी द्यावं लागतं, आणि फेलोशिपचे पैसे हातात यायला वेळ लागतो.

३१. पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रीय ग्रंथालयाचं वाचककार्ड काढा. ते जॉर्ज द फोर्थ ब्रिजवर आहे. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा सोबत न्या.

३२. आठव्या पायरीवर उतरवलेले क्रमांक घेऊन पहिली हस्तलिखितं मागवा. ती लगेच टेबलावर येतील असं धरू नका, आदल्या दिवशीच मागणी नोंदवा. वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिलच न्या. डिसेंबरात उजेड जेमतेम सात तास असतो, तेव्हा सकाळी दार उघडताच आत असा.

३३. संस्थेच्या सेमिनारमध्ये तुमची तारीख मागून घ्या. इथे प्रत्येक फेलो आपलं चालू काम बाकीच्यांपुढे मांडतो, अपुरं असलं तरी. लाजून शेवटचा आठवडा मागू नका, मुक्कामाच्या मध्यावरची तारीख घ्या. लोक प्रश्न विचारतील, कोणीतरी तुम्ही न पाहिलेल्या एखाद्या दप्तराचं नाव सांगेल, आणि ते मागवून वाचायला तुमच्याकडे अजून दिवस उरलेले असतील.